साक्षीदाराचा खाडा कोण भरून देणार?

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) तुम्ही पाहिला असेल, तर त्यातला एक छोटा प्रसंग आठवून बघा. गटारसफाई करणारा एक कामगार मेला आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांचं गाणं ऐकून त्यानं आत्महत्या केली, असा पोलिसांचा दावा आहे. कोर्टात त्या कामगाराच्या बायकोची साक्ष होते. मॅनहोलमध्ये उतरायच्या आधी नवरा दारू प्यायचा, गटारातल्या वायूनं त्याचा एक डोळा गेला होता, जीव द्यायचं तो कधी बोलला नव्हता, असं ती सरळ सांगते. नंतर कांबळेंचा वकील विनय व्होरा तिला गाडीतून सोडायला जातो आणि पैशाची मदत देऊ करतो. ती घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते.

पहिल्यांदा बघताना हा प्रसंग वकिलाच्या चांगुलपणाचा आणि बाईच्या स्वाभिमानाचा वाटतो. दुसऱ्यांदा बघताना मी अडखळले. एरवी आपण याला काय म्हणालो असतो? खटला चालू आहे आणि बचाव पक्षाचा वकील साक्षीदाराला पैसे देऊ करतोय. तिथे व्होराच्या जागी एखादा बडा वकील आणि त्या बाईच्या जागी एखाद्या अपघाताचा प्रत्यक्षदर्शी असता, तर हाच प्रसंग दुसऱ्या दिवशी टीव्हीवर दिवसभर फिरला असता.

या लेखात मला तीन गोष्टी एकत्र ठेवून बघायच्या आहेत: साक्षीदाराला द्यायच्या पैशाबद्दल कायदा काय म्हणतो, संशोधन काय म्हणतं, आणि ‘कोर्ट’ या दोन्हींच्या मधली कुठली जागा दाखवतो आणि कुठली टाळतो. मी कायदा शिकलेली नाही, विज्ञानात पीएचडी करतेय. पण पैसे कुणाचे आहेत यावर निष्कर्ष कसा हलतो, हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळांनाही लागू आहे.

कायद्याच्या लेखी तीन प्रकारचे पैसे

साक्षीदाराला पैसे देणंच बेकायदा आहे, असा एक सरसकट समज असतो. तो बरोबर नाही.

पहिला प्रकार भत्त्याचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १६व्या आदेशानुसार ज्या पक्षाला साक्षीदार बोलवायचा आहे, त्यानं त्याच्या येण्याजाण्याचा आणि एका दिवसाच्या हजेरीचा खर्च कोर्टात भरायचा असतो. फौजदारी खटल्यात हा खर्च सरकारनं द्यावा असा आदेश कोर्ट देऊ शकतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३१२ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३५० आहे. यात ‘कोर्टाला योग्य वाटल्यास’ अशी अट आहे. ती लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा प्रकार तज्ज्ञाच्या मोबदल्याचा. त्याच १६व्या आदेशात म्हटलंय की तज्ज्ञाला साक्षीसाठी गेलेल्या वेळेचे आणि त्यानं केलेल्या तज्ज्ञ कामाचे वाजवी पैसे देता येतात. म्हणजे पूल का पडला हे सांगणाऱ्या इंजिनिअरला फी मिळू शकते. पूल पडताना पाहणाऱ्या भाजीवाल्याला मात्र प्रवासखर्च आणि भत्ता, एवढंच.

तिसरा प्रकार लाचेचा. ‘अमुक बोललास तर तमुक देतो’ हा करार १८७२च्या करार कायद्यातल्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध, म्हणून रद्दबातल. शिवाय साक्षीदारानं लाच घेतली, ती घ्यायला तो तयार झाला किंवा त्याला दुसरं काही भ्रष्ट आमिष मिळालं, हे सिद्ध करून समोरचा पक्ष त्याच्या विश्वासार्हतेवर हल्ला करू शकतो. भारतीय पुरावा कायद्यात हे कलम १५५ होतं, नव्या साक्ष अधिनियमात १५८ आहे.

आता व्होराचे पैसे यात कुठे बसतात? भत्ता नाही, कारण तो कोर्टामार्फत दिलेला नाही. फी नाही. लाचही नाही, कारण साक्ष होऊन गेली आहे, आधी काही ठरलेलं नाही आणि ती नाही म्हणाली. पण समजा, ती हो म्हणाली असती. सरकारी वकील नूतनला ते कळलं असतं, तर त्या बाईचा खरा जबाब एका वाक्यात डागाळला असता: ‘आरोपीच्या वकिलाकडून तुम्ही पैसे घेतलेत, हे खरं आहे का?’ याला ‘हो, पण’ असं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उलटतपासणीत ‘पण’च्या पुढचं बोलायला वाव फारसा मिळत नाही. व्होराचा हेतू चांगला होता. धोका मात्र सगळा तिचा होता. चित्रपटाला हे दिसतं की नाही, मला सांगता येत नाही. गाडी तिला सोडते आणि गोष्ट पुढे जाते.

संशोधन काय सांगतं

कायद्याची सगळी मांडणी हेतूवर उभी आहे. वाईट हेतूनं दिले तर लाच, चांगल्या हेतूनं दिले तर खर्च किंवा फी. मानसशास्त्रातलं संशोधन इथेच शंका घेतं.

अमेरिकेत डॅनियल मरी, मार्कस बोकाचिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोर्टासाठी आरोपींचं मूल्यमापन करणारे शंभराहून अधिक मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ त्यांनी पैसे देऊन कामाला लावले. त्यांना सांगितलं की हे खरंखुरं सल्ल्याचं काम आहे. प्रत्येकाला त्याच चार गुन्हेगारांच्या फायली दिल्या. फरक एकच. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं निम्म्यांना सांगितलं की तुम्ही सरकारी पक्षासाठी काम करताय, निम्म्यांना सांगितलं की बचाव पक्षासाठी.

अशी वाटणी का महत्त्वाची, तर त्यामुळे ‘मुळातच कडक तज्ज्ञ सरकारी बाजूला जातात’ ही पळवाट बंद होते. कोण कुठे गेला हे निव्वळ योगायोगानं ठरलं. तरीही सरकारी पक्षासाठी काम करतोय असं समजणाऱ्यांनी त्याच माणसांना जास्त धोकादायक ठरवलं, बचाव पक्षवाल्यांनी कमी. ज्या चाचणीत तज्ज्ञाच्या अंदाजाला जास्त वाव होता, तिच्यात हा कल जास्त दिसला. जिच्यात आकडेमोड ठरलेली होती, तिच्यात कमी.

इथे एक बारकावा आहे. या तज्ज्ञांपैकी कुणालाही ‘अमुक निष्कर्ष काढलात तर जास्त पैसे’ असं सांगितलं नव्हतं. लाच नव्हती. बहुतेकांना आपण झुकलो हे कळलंही नसेल. एका बाजूनं आपल्याला बोलावलंय, एवढी जाणीव पुरेशी होती.

दुसरा अभ्यास जेफ्री नॉइशात्स आणि सहकाऱ्यांचा, २००८चा. त्यांनी लोकांना एका खटल्याचा वृत्तान्त वाचायला दिला. त्यात एक साक्षीदार सांगतो की आरोपीनं माझ्याजवळ गुन्हा कबूल केला. काहींना सांगितलं की या साक्षीदाराला साक्षीच्या बदल्यात काहीतरी मिळणार आहे, काहींना ते सांगितलं नाही. अपेक्षा अशी की आमिषाचं कळल्यावर लोक त्या साक्षीवर कमी विश्वास ठेवतील. तसं झालं नाही. आमिषाची माहिती मिळूनही दोषी ठरवणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं नाही. कबुलीजबाबाची गोष्ट ऐकली की ती डोक्यात बसते, ती का सांगितली जातेय हे मागे पडतं.

दोन्ही अभ्यासांच्या मर्यादा आहेत. पहिला तज्ज्ञांचा आहे, रस्त्यावरच्या प्रत्यक्षदर्शीचा नाही. दुसरा ज्युरीच्या भूमिकेतल्या सामान्य लोकांचा आहे आणि आपल्याकडे आता ज्युरी नाही, निकाल प्रशिक्षित न्यायाधीश देतात. त्यामुळे ‘विज्ञानानं सिद्ध केलं’ असं मी म्हणणार नाही. पण कायद्याची दोन गृहीतकं यामुळे डळमळतात. एक, प्रामाणिक माणूस पैशानं झुकत नाही. दोन, झुकलाच तर उलटतपासणीत ते उघड करून भरपाई होते.

सरकार देतं ती किंमत

आमिष म्हणजे नोटांची बंडलंच असं नाही. आपल्या भाषेत त्यासाठी एक रुळलेला शब्द आहे: माफीचा साक्षीदार. गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाला खरं सगळं सांगण्याच्या अटीवर शिक्षेतून सूट मिळते. महाराष्ट्राला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण दिगंबर बडगे. पुण्याचा हा शस्त्रविक्रेता गांधीहत्येच्या खटल्यात माफीचा साक्षीदार झाला. १९४९ मध्ये लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयानं त्याची साक्ष बऱ्याच अंशी स्वीकारली, पण सावरकरांविरुद्ध त्याच्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा पुरेसा नाही म्हणून त्यांना निर्दोष सोडलं. त्या निकालावर आजही वाद घालता येतो. पण पद्धत नोंदवून ठेवण्यासारखी आहे: साक्षीची किंमत चुकवली गेली आहे हे मान्य करायचं आणि म्हणून बाहेरचा दुजोरा मागायचा.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी हाच धागा टोकापर्यंत ओढला. साक्षीसाठी कुठलीही मोलाची वस्तू देऊ नये असा कायदा आहे, तर शिक्षेतली सूट ही मोलाची वस्तू नाही का? म्हणून सरकारी वकिलांनाही ती देता येणार नाही, असा निकाल त्यांनी सिंगलटन खटल्यात दिला. सरकारी वकिलांचं धाबं दणाणलं. जानेवारी १९९९ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठानं तो निकाल फिरवला: हा कायदा सरकारला लागू होत नाही. म्हणजे तेच आमिष बचावाच्या वकिलानं दिलं तर गुन्हा, सरकारनं दिलं तर प्रक्रिया.

‘कोर्ट’मधला दुसरा साक्षीदार

इथून पुन्हा चित्रपटाकडे. त्यात पैशाच्या प्रश्नाशी जोडलेला आणखी एक साक्षीदार आहे, आणि तो सरकारी पक्षाचा. गाणं झालं तेव्हा आपण तिथे होतो असं सांगणारा हा माणूस पोलिसांचा नेहमीचा साक्षीदार आहे, आधीही त्यांच्यासाठी उभा राहिलेला आहे, हे पुढे उघड होतं. प्रेक्षागृहात इथे हसू येतं. मलाही आलं.

माझी तक्रार या हसण्याबद्दल आहे. ताम्हाणे आपल्याला वकिलाच्या घरी नेतात, सरकारी वकील बाईंच्या स्वयंपाकघरात नेतात, न्यायाधीशांबरोबर सुट्टीच्या सहलीलाही नेतात. या नेहमीच्या साक्षीदाराच्या घरी मात्र नेत नाहीत. त्याला काय मिळतं, हे चित्रपट विचारत नाही. म्हणून तो माणूस न राहता व्यवस्थेची एक गंमत होऊन राहतो.

तो कुठून येतो बघा. झडतीच्या वेळी त्याच भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावेत, असं जुन्या संहितेचं कलम १०० सांगत होतं, नवीही तेच सांगते. योग्य कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हाही आहे. पण विचार करा, तुम्ही याल का? पवईत राहणाऱ्या माणसाला फोर्टच्या कोर्टात हजर व्हायचं तर कांजूरमार्गपर्यंत रिक्षा, मग लोकल, मग बाकावर वाट बघत बसणं, आणि दुपारी कळतं की आज तारीख पडली. असं किती वेळा होईल हे कुणी सांगू शकत नाही. पगारी माणसाची रजा जाते. रोजंदारीवाल्याचा खाडा होतो, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचं धान्य. म्हणून शहाणे लोक पंचनामा दिसला की गल्ली बदलतात. मग पोलीस कुणाला आणणार? चौकीच्या आसपासच्या, ज्याला नाही म्हणणं परवडत नाही अशाच माणसाला. त्याला रोख पैसे मिळत असतीलच असं नाही. हातगाडी उचलली न जाणं हाही मोबदलाच आहे.

म्हणजे चित्रपटातले दोन्ही साक्षीदार एकाच पोकळीतून आले आहेत. साक्ष देणं साध्या माणसाला परवडत नाही. त्या पोकळीत एका बाजूनं पोलिसांचा ओळखीचा माणूस शिरतो आणि दुसऱ्या बाजूनं सहृदय वकिलाचं पाकीट. ‘कोर्ट’ पहिल्याला उघडं पाडतो आणि दुसऱ्याला जाऊ देतो. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले असते, तर चित्रपट आहे त्यापेक्षा कठोर झाला असता, व्होराच्या बाबतीतही.

पकडले गेले त्यांचं काय झालं

प्रत्यक्षातल्या दोन प्रकरणांवरून कळतं की ही जोखीम कुणाच्या वाट्याला किती येते.

१० जानेवारी १९९९ च्या पहाटे दिल्लीत एका बीएमडब्ल्यूखाली सहा माणसं मेली. खटला चालू असताना, ३० मे २००७ रोजी एनडीटीव्हीनं छुप्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. बचाव पक्षाचे ज्येष्ठ वकील आर. के. आनंद आणि विशेष सरकारी वकील आय. यू. खान एका प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराशी संगनमत करताना त्यात दिसत होते. एकमेकांविरुद्ध उभे राहायचे ते दोन वकील. दिल्ली उच्च न्यायालयानं २००८ मध्ये दोघांना अवमानाबद्दल दोषी धरलं: चार महिने कोर्टात उभं राहायला बंदी आणि दोन हजार रुपये दंड. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आनंद यांचा दोष कायम ठेवला, खान यांना अवमानातून मोकळं केलं. शेवटी २०१२ मध्ये आनंद यांची माफी, एक वर्ष विनामूल्य वकिली आणि २१ लाख रुपये यांवर विषय मिटला.

दुसरं बेस्ट बेकरीचं. बडोद्यातल्या या हत्याकांडाचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं मुंबईत, माझगावच्या विशेष न्यायालयात पुन्हा चालला. मुख्य साक्षीदार झाहिरा शेख हिनं वारंवार जबाब फिरवले. तिच्यावरच्या चौकशीत पैशाच्या आमिषाचा मुद्दा पुढे आला. ८ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिला अवमानाबद्दल एक वर्षाची साधी कैद आणि ५० हजार रुपये दंड ठोठावला. त्या आगीत तिच्या घरची माणसं गेली होती.

दोन्ही प्रकरणांतली वस्तुस्थिती वेगळी आहे, तराजू एकच लावता येणार नाही. तिनं शपथेवर खोटं सांगितलं हे छोटं नाही. पण वकिलाच्या वाट्याला चार महिन्यांची बंदी आणि साक्षीदाराच्या वाट्याला वर्षभराचा तुरुंग, हे शेजारी ठेवल्यावर व्होराच्या गाडीतल्या त्या बाईनं पैसे नाकारणं मला नुसतं स्वाभिमानाचं वाटत नाही. त्यात शहाणपणही होतं.

मग करायचं काय

आमिष ओळखून ते उलटतपासणीत उघड करणं पुरेसं नाही, असं संशोधन सुचवतं. मग पैसे आणि बाजू यांची जोडच तोडायला हवी.

साध्या साक्षीदारासाठी याचा अर्थ असा की पैसे कोर्टानं द्यावेत, त्याच दिवशी, आणि खाडा भरून निघेल इतके. साक्ष झाली नाही, नुसती तारीख पडली, तरी द्यावेत. ही मागणी नवी नाही. २००० साली स्वर्णसिंग खटल्यात न्यायमूर्ती वाधवा यांनी साक्षीदारांची होणारी परवड सविस्तर लिहिली आणि तहकूब झालेल्या तारखेचाही भत्ता ताबडतोब द्यायला सांगितलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली, पण ती जिवाच्या धोक्यासाठी आहे. खाड्याला अजूनही ‘योग्य वाटल्यास’ची अट आहे. मी कायदा बदलू शकले असते, तर आधी ते दोन शब्द खोडले असते.

यावर एक वाजवी आक्षेप आहे: मग भत्त्यासाठी साक्ष देणारे उगवतील. उगवतील काही. पण हा भत्ता काय बोललात यावर अवलंबून नसेल आणि कुणा एका बाजूच्या खिशातून येणार नाही. आज जे मिळतं, ते या दोन्हींवर अवलंबून आहे.

तज्ज्ञांच्या बाबतीत वाट आधीच आहे. दिवाणी संहितेच्या २६व्या आदेशात शास्त्रीय तपासणीसाठी कोर्टानं स्वतः आयुक्त नेमायची तरतूद आहे. आमच्यासारख्या कॅम्पसवरच्या प्राध्यापकांकडे पुलापासून इमारतीपर्यंत मतं मागितली जातात. असं मत देताना कुठल्या बाजूनं विचारलंय हे तज्ज्ञाला कळूच न देणं, हा आम्हा विज्ञानवाल्यांचा जुना उपाय आहे. औषधाच्या चाचणीत कुणाला खरी गोळी दिली हे डॉक्टरपासून लपवतात, ते डॉक्टर लबाड असतो म्हणून नाही. तो माणूस असतो म्हणून.

आणि वकिलांसाठी: साक्षीदाराला काही द्यायची वेळ आलीच, तर ते साक्षीच्या आधी, लेखी, कोर्टाला सांगून द्यावं. गाडीत नको.

पुढच्या वेळी ‘साक्षीदार फितूर’ अशी बातमी वाचाल, तेव्हा किती पैसे घेतले असतील हा प्रश्न मनात येईलच. त्याच्या जोडीला आणखी एक विचारा: फितूर व्हायच्या आधी तो माणूस स्वतःच्या खर्चानं किती तारखांना येऊन बसला होता?